वालाचं दुसरं घर

सन दोन हजार पाच. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मला चौसष्ट चालू होतं, आईच्या सांगण्याप्रमाणे सहासष्ट. तिसरीनंतर मी शाळा सोडली, तेव्हा दाखल्यावर फार भरवसा नाही. आईचंच खरं धरतो.

त्या साली भाताची कापणी उरकल्यावर आमच्या माले गावात, शाळेच्या ओसरीवर, दर रविवारी सकाळी बागकामाचा फुकट वर्ग सुरू झाला. कार्यशाळा म्हणायचे त्याला. घेणाऱ्या बाई पुण्याच्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, नवऱ्यासह नदीच्या अंगाला शेतघर बांधून राहिलेल्या. घरच्या घरी भाजी कशी लावायची, सांडपाणी कसं वापरायचं, बी कसं राखायचं, झाडं कशी वाचवायची, असं सगळं त्या सांगायच्या. पिरंगुट-भूगावच्या फ्लॅटांतून कॉम्प्युटर कंपनीतली पोरंपोरी यायची, डोक्याला टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. गावातल्या पाचसहा बायका भिंतीकडेला बसायच्या. ज्यांना कुंडी ठेवायला जागा नाही ते शिकायला, अन् ज्यांची हयात मातीत गेली ते बघायला, असा तो मेळा.

पहिल्या रविवारी मीही गेलो. बाई म्हणाल्या, "पाला जाळू नका. जाळलेला पाला म्हणजे जाळलेलं खत."

मी उभा राहिलो. "मग आमी राब कशाचा भाजायचा?"

आमच्या मुलखात भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, पाला, बारीक फांद्या थरावर थर रचून ती जागा भाजून काढतात. तो राब. माझ्या बापाने भाजला, आज्याने भाजला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, मी परसातल्या पाल्याचं बोलतेय. राबाचा विषय एक दिवस वेगळा घेऊ. तेव्हा तुम्हीच सांगा, मी ऐकेन."

त्यात वाईट काही नव्हतं. पण एक टोपीवालं पोरगं मागून म्हणालं, "बसा आजोबा, तुमचा पिरियड पुढच्या आठवड्यात," अन् ओसरी हसली. आमच्या बायकाही हसल्या. माझी बायकोही हसली, पदर तोंडाला लावून. मी चप्पल घातली न् घरी आलो.

ती दुपारी आली तेव्हा मी सांगून टाकलं, "त्या ओसरीची पायरी मी पुन्हा चढणार न्हाई."

"तुमी नका चढू," ती म्हणाली. "मी चढीन."

अन् ती चढत राहिली. गुडघे धरले होते तिचे, तरी रविवार चुकवला नाही. बाई तिच्यासाठी वर्गातली खुर्ची बाहेर काढून ठेवायच्या. घरी येऊन तिने फुटका पिंप न्हाणीमागे ठेवला, त्याला खाली भोकं पाडली, भाज्यांची देठं, उष्टं, झाडलोट त्यात टाकायला लागली. मग कुठून तरी गांडुळं आणली.

"गांडुळं पाळती व्हय आता?" मी म्हणालो. "म्हशी विकल्या दावणीच्या, अन् हिला गांडुळं!"

"म्हशीला वैरण लागती," ती म्हणाली. "गांडुळाला तुमचं उष्टं चालतंय."

ती बोलण्यात कधी हरली नाही. मीही कधी हरलो असं कबूल केलं नाही. चाळीसबेचाळीस वर्षं आमचा संसार असाच झाला.

आता वालाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशीच आहे.

न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे परसात मांडव होता, त्यावर तिचा वालाचा वेल. शेंगेला जांभळी कड. बी तांबूस, अन् त्याच्यावर लाव्याच्या अंड्यावर असतात तसे काळे ठिपके. असा वाल आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. लग्नात ती माहेराहून ओच्यात बांधून घेऊन आली होती. तिच्या आईची तिला ताकीद होती, की बी एका घरात ठेवू नये. दोन घरांत ठेवावं. एका घरी उंदीर लागला, कीड लागली, आग लागली, तर दुसऱ्या घरचं आणता येतं. म्हणून दर साली वेल वाळला की ती पहिली मूठ माहेरी धाडायची, मग आपलं राखेत घालून गाडग्याचं तोंड शेणाने लिंपायची अन् गाडगं माळ्यावर चढवायची. एकदा आमच्याकडे उंदरांनी बी फस्त केलं, तेव्हा खरंच ती पायी माहेरी जाऊन घेऊन आली. येताना एवढी मिरवत आली, जणू सोनंच आणलं.

तिचं माहेर तिकडे वर, डोंगरात, तळ्याच्या अंगाला. तिथे नवं शहर वसणार म्हणून जमिनींना भाव आला. भावांनी जमीन विकली, घर विकलं, पुण्यात फ्लॅट घेतले. त्यांचं त्यांनी बरं केलं, मी नावं ठेवत नाही. घर पाडलं त्या वर्षी ती एकदा बघून आली. आल्यावर गाडगं लिंपता लिंपता म्हणाली, "आता आपलं एकच घर राह्यलं."

मला वाटलं, माणसांचं बोलतेय.

मग तो वर्ग सुरू झाला, पुढचं सांगितलंच. शिमग्याच्या सुमाराला एका रविवारी ती घरी आली ती खुशीत. म्हणाली, "बी देऊन आले."

"कुणाला?"

"हाय एक."

"फुकटच्या वर्गात फुकट बी," मी म्हणालो. "आता फुकट हार घालतील तुला."

"घालू द्या की. तुमी तर कंदी घातला न्हाई लग्नानंतर."

वैशाखात ती गेली. सकाळी छातीत कळ आली म्हणाली, राख लावायची भांडी तशीच टाकून ओट्यावर बसली. मी म्हणालो पित्त असेल. पौडच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला न्या म्हणाले, गाडी केली. पाठीमागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझा हात तिने धरून ठेवला होता. पिरंगुटच्या अलीकडे तिचा हात सैल झाला. मुलगा पुढे बसला होता, ड्रायव्हरला म्हणत होता, जरा दाबा, जरा दाबा. मी त्याला सांगितलं नाही. पुढे बरंच अंतर तो तसाच म्हणत होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. करंजावर बसलेले चांगले सातआठ, पण एक खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली, असं आपल्यात मानतात, अन् मग जो तो पुढे होऊन शब्द देतो. मुलगा म्हणाला, "आई, बहिणीला अंतर देणार न्हाई." मुलगी म्हणाली, "आये, दादाकडं आबांकडं येत राहीन." तिचे भाऊ आले होते पुण्याहून, ते काहीबाही म्हणाले. मला पुढे ढकललं. मी म्हणालो, "वेळेवर जेवीन." कावळ्यांनी मान वळवली.

ऊन डोक्यावर आलं. गुरव घड्याळ बघायला लागला. तेव्हा आमची सून पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "आत्या, तेराव्याला तुमच्या आवडीचे वाल करते. समद्यांना पोटभर घालते."

कावळा आला. एक नाही, दोन. बायका रडल्या. सुनेच्या पाठीवरून सगळ्यांनी हात फिरवला.

तेराव्याला अंगणात पंगत बसली. मोड आणून, सोलून, खोबरं घालून केलेली वालाची उसळ. चव अगदी माझ्या बायकोच्याच हातची. मी त्या तेरा दिवसांत धड जेवलो नव्हतो, त्या दिवशी उसळ दोनदा मागून घेतली. लोक म्हणाले, बघा, म्हाताऱ्याला आज अन्न गोड लागलं.

हात धुवायला मागे न्हाणीकडे गेलो तर तिथे सोललेल्या सालांचा ढीग. तांबूस सालं, त्याच्यावर काळे ठिपके.

सून मागे खरकटी घेऊन आली. मी विचारलं, "हे वाल कुटून आणले?"

"माळ्यावरच्या गाडग्यातले, मामा. डब्यातले संपले व्हते. दुकानातले कसे चालतील? आत्यांना शबूद दिला व्हता."

"समदे?"

"समदे. पंगत केवढी! अन् मामा, एकूणएकाला मोड आले बघा. एक दाणा कोरडा राह्यला न्हाई."

एकूणएकाला मोड आले होते. म्हणजे एकूणएक दाणा जिता होता.

मी तिला काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, अन् त्यानंतरही नाही. जेवायला वाढलं तर जेवायचो, पाणी दिलं तर प्यायचो, पण तिच्याशी बोलणं बंद. लोक म्हणाले, म्हातारा दुःखात आहे. दुःखात होतोच. सुनेने तर सासूला दिलेला शब्द पाळला होता, हे मलाही दिसत होतं. पण दिसलं म्हणून तोंड उघडतं असं नाही. माझा स्वभाव तसा आहे, अन् तो या वयात बदलायला मी कुणाला लावलेला नाही.

रात्रंदिवस एकच डोक्यात. तिची इच्छा वालातच अडकली होती, एवढं कावळ्याला बरोबर कळलं. खायची होती की लावायची, एवढंच आमच्यापैकी कुणाला कळलं नाही.

मग आठवलं, शिमग्याला ती बी देऊन आली होती. "हाय एक."

पावसाआधीचा शेवटचा वर्ग होता त्या रविवारी. मी गेलो. पायरीपाशी जरा थांबलो, मग चढलो. कुणी हसलं नाही. बाई उभ्या राहिल्या, मग बाकीचे उभे राहिले, मला कसंनुसं झालं. मी म्हणालो, "बसा, बसा. वर्ग चालू द्या." हिची खुर्ची भिंतीशी तशीच ठेवलेली होती, रिकामी. मी तिच्यावर बसलो नाही, खाली बसलो. त्या दिवशी नारळाच्या करवंटीत रोप करायचं शिकवत होत्या. मलाही एक करवंटी दिली. मी माती भरली, बोटाने भोक पाडलं, अन् त्यात घालायला काही नव्हतं म्हणून तशीच धरून बसलो.

सगळे गेल्यावर बाईंना म्हणालो, "तिनं हितं कुणाला तरी बी दिलंय."

दिलेलं बी परत मागू नये, अशी आमच्यात रीत आहे. देणाऱ्याचा अन् घेणाऱ्याचा, दोघांचाही वेल सुकतो म्हणतात. म्हणून लगेच म्हणालो, "मागत न्हाई मी. नुस्तं बघायचंय."

बाईंनी मला चहा दिला अन् सांगितलं. त्या दिवशी म्हणे हिने बियांची पुरचुंडी आणली, पण सगळ्यांत वाटली नाही. वर्गातल्या एकेका पोरीला जवळ बोलावून विचारलं, तुझं माहेर कुटं? एक म्हणाली कोथरूड. हिने मान हलवली. एक सातारा, एक सांगवी. मग एक म्हणाली वाशीम. ते कुटं आलं? लांब, आजी, रात्रभर जावं लागतं. तेव्हा ही म्हणाली, "हे चालंल. आपल्या हितली आग तितवर न्हाई जायची," अन् सगळी पुरचुंडी तिच्या हातात दिली.

"आम्हाला वाटलं, आजी गंमत करतायत," बाई म्हणाल्या.

मी करवंटी ठेवली. माझी बायको रविवारचे रविवार दुखऱ्या गुडघ्यांनी त्या ओसरीवर का जात होती, ते मला तेव्हा समजलं. खत, गांडुळं होतंच. पण ती वालाला माहेर बघत फिरत होती. लेकीसाठी स्थळ बघतात तशी.

बाईंनी त्या पोरीला फोन लावला. तिकडून आवाज माझ्यापर्यंत आला. "हो मॅडम, सगळंच लावलं ना मी! एक पण नाही ठेवलं. अहो, उगवलंय पण!"

म्हणजे मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बघण्यासारखं होतं.

ती पिरंगुटला राहायची, भाड्याच्या फ्लॅटात, तिसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली वॉचमनने अडवलं. "बाबा, किसके यहाँ जाना है?"

"वेलाकडं," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग त्या पोरीला हाक मारली. पुढे पुढे ओळख झाली. गेटातून शिरलो की तोच म्हणायचा, "जाओ बाबा, आपकी बेल तो ऊपर तक चढ़ गई."

पोरगी दार उघडून म्हणाली, "आजोबा? आजी नाही आल्या?" तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "न्हाई आली. ती न्हाई आता." ती तिथेच दारात उभी राहिली. मग गॅलरीत घेऊन गेली.

निळा पिंप आडवा कापून त्याचे दोन भाग, एक जुनी बादली, अन् त्यात रोपं. शेजारी झाकणाची बालदी, त्यात वर्गात सांगितल्याप्रमाणे केलेलं खत. "वास येतो का हो आजोबा? खरं सांगा." मी माती उचलून हुंगली. हिच्या पिंपातल्या मातीचाच वास होता. वास न्हाई, म्हणालो, अन् खाली बघून माती परत टाकली.

त्या पावसाळ्यात अन् पुढे हिवाळ्यात बाजारच्या निमित्ताने मी जात राहिलो. घरी सांगत नसे. ती असली तर चहा द्यायची. वेल ग्रिलवर चढला. मी म्हणालो, "शेंडा खुडला पायजे." ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, माहितीये मला," अन् तिने माझ्यासमोर खुडून दाखवला. मला बरं वाटलं. कुणाची तरी शिकवण ऐकणारं माणूस होतं ते.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू होईल म्हणून गावातल्या बायकांनी ओसरी झाडून ठेवली. पण बाईंच्या यजमानांना दुखण्याने धरलं, त्या त्यांना घेऊन लांब मुलाकडे गेल्या, शेतघराला कुलूप पडलं. हिची खुर्ची शाळेने पुन्हा वर्गात नेली.

मार्गशीर्षात फुलं आली. वाऱ्याने खाली पडायची, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई वर ओरडायच्या, "अगं, माझ्या साडीवर सगळा कचरा!" मग शेंगा धरल्या. जांभळी कड बघितली अन् माझे डोळे भरून आले. पोरीला दिसू नये म्हणून मी पिंपाला टेकू लावत बसलो.

ती म्हणाली, "आजोबा, या रविवारी भाजी करते पहिली."

"न्हाई. पहिल्या शेंगा बियाला."

"सगळ्या?"

"समद्या."

"अहो, मी लावल्या, मी पाणी घातलं, मीच एक पण नाही खायची?"

"मी खाल्लेत," मी म्हणालो. "तुझ्या वाटचे पण." अन् तेराव्याचं सगळं तिला सांगितलं. घरात कुणाशी बोललो नव्हतो ते त्या परक्या पोरीशी बोललो. तिने एकाही शेंगेला हात लावला नाही.

संक्रांतीनंतर गेलो तर घरात खोकी भरलेली. तिला बंगलोरला नोकरी लागली होती. शनिवारी जाणार, सोमवारी घरमालकाचे रंगारी येणार, गॅलरी रिकामी करून द्यायची. शेंगा भरल्या होत्या, पण पिकल्या नव्हत्या. काही नुकत्या पिवळ्या पडत होत्या, बाकीच्या हिरव्या.

मी म्हणालो, "वाळल्यावर तुझ्या माहेरी धाडायचं व्हतं अर्धं. तिनं तुला त्याच्यासाठी दिलं व्हतं."

तिने खोक्यावरची चिकटपट्टी तशीच सोडली. "आजोबा, वाशीमला आमचं क्वार्टर आहे. बाबा नोकरीत आहेत. दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. शेत नाही, परस नाही, काही नाही." अन् हळूच म्हणाली, "आजींनी गाव कुठलं एवढंच विचारलं होतं."

खरंच होतं. माझ्या बायकोच्या काळात माहेर म्हटलं की परस आलंच. वेगळं विचारावं लागतं, हे तिला कुठून ठाऊक असणार.

मी पिशवीतला विळा काढून वेलाच्या बुडात घातला. ग्रिलमध्ये गुंतलेला वेल दोघांनी मिळून सोडवला, बराच तुटला. पोरीने आपली चादर दिली, तिच्यात गुंडाळून गाठोडं बांधलं. जिन्यावरून ती खाली पोचवायला आली, वाकून पाया पडली. "गॅलरी असलेलं घर बघ तिकडं," एवढं म्हणालो.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाबा, वैरण न्यायची न्हाई गाडीत."

"वैरण न्हाई ही."

"मग काय हाय?"

"मांडीवर घेतो," मी म्हणालो. आठ-नऊ महिन्यांमागे त्याच रस्त्याने मांडीवर डोकं घेऊन गेलो होतो. आता उलट्या अंगाने येत होतो.

घरी आणून वेल माजघरात आढ्याला उलटा टांगला. वेलातला जीव शेंगांत उतरला तर उतरला, या आशेवर. सुनेने चुलीपासून बघितलं. पण दुसऱ्या दिवशी वेलाखाली धुतलेलं पोतं अंथरलेलं होतं, शेंग फुटून बी पडलं तर मातीत जाऊ नये म्हणून. मग कुठून तरी मांजर आणून तिने माजघरात बांधलं, उंदरांसाठी. ते रात्रभर ओरडायचं. मुलगा वैतागला. ती म्हणाली, "राहू द्या."

माघात शेंगा वाळल्या. एके दिवशी उन्हं कलल्यावर मी वेल उतरवला अन् ओट्यावर सूप घेऊन बसलो. सून येऊन सुपाच्या पल्याड बसली. दोघंही सोलत होतो. बहुतेक शेंगा पोचट. बी निघालं ते सुरकुतलेलं, खारकेच्या सालीसारखं. कुठे किडकं. भरलेलं, टणक, ठिपका उठून दिसणारं, असं थोडंच. सगळं मिळून एक मूठ, तीही सैल.

भरलेलं बी मुठीत घेत ती म्हणाली, "मामा, मला ठावं नव्हतं वो."

मी सोलत राहिलो.

"ते बी दुसरीकडं कुटंच न्हाई, हे आत्यांनी मला कंदी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर मी हात लावला असता व्हय?"

तिला रडू आलं. डोळे पुसायला हात वर नेला अन् मुठीतलं बी सांडेल म्हणून तसाच खाली आणला. मी त्या मुठीकडे बघितलं. हिने तिला का नाही सांगितलं? सांगणार असेल. सावकाश, वेळ आहे म्हणून. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं वेळ आहे.

मी म्हणालो, "तुझ्या माहेरी परस हाय का अजून?"

तेराव्यानंतर तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ती दचकली.

"हाय की, मामा. रिह्याला. न्हाणीचं पाणी वायाच जातंय."

"मांडव?"

"आई काकडीचा घालती."

"विकायचं काय बोलत्यात का?"

"दलाल येत्यात. दादा न्हाई म्हणतोय अजून."

अजून. मी तो शब्द ऐकला, अन् ऐकून सोडून दिला. डोंगरातलं माहेर गेलं, ओसरीवरचा वर्ग गेला, गॅलरी गेली. रिह्याचं परस किती वर्षं राहील, आमचं तरी किती, हे मला कुणी विचारू नये. हिनेही ते विचारलं नव्हतं. हिने फक्त दुसरं घर शोधलं होतं.

सुपातल्या बियांचे मी दोन वाटे केले. एक वाटा सुनेने राखेत घातला, गाडग्याचं तोंड लिंपलं. लिंपताना मी तिला दोन घरांची ताकीद सांगितली, जशी हिच्या आईने हिला सांगितली होती. पुढे तिच्या सुनेला सांगायची, अगोदर सांगायची, एवढं माझ्या पदरचं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, हिच्या लुगड्याच्या तुकड्यात दुसरा वाटा बांधला, अन् सुनेला घेऊन पहिल्या एसटीने निघालो. फाट्यावर गाडी बदलून रिह्यात उतरलो. न कळवता, मोकळ्या हाताने व्याह्याच्या दारात मी त्याआधी कधी गेलेलो नव्हतो. तिच्या आईने लगबगीने पाण्याचा तांब्या पुढे केला, "अगंबाई, पाव्हणं? समदं बरं हाय न्हवं?" मी तांब्या घेतला नाही. आधी परस दाखवा म्हणालो, मागे जाऊन न्हाणीचं पाणी कुठून वाहतं ते बघितलं, अन् मग ती पुरचुंडी त्यांच्या ओच्यात घातली.